सगळ्याला हो म्हणा

नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी धाकटा दीर पाहुण्यांसमोर म्हणाला होता, “दादा काय, आयुष्यभर कॉम्प्युटरशी खेळत बसला. ऑफिस ओढलं ते मीच.” तिनं ते ऐकलं, गिळलं आणि पोटात ठेवलं. विसरणाऱ्यांतली ती नव्हतीच.

ऑफिस दोघा भावांचं. इमारतींची तपासणी करून अहवाल द्यायचे. दीर नवा अहवाल कधीच कोरा लिहीत नसे. जुना उघडायचा, मोजमापं बदलायची, पहिल्या पानावर नव्या गिऱ्हाइकाचं नाव टाकायचं आणि सेव्ह करायचं, की झालं. आतल्या पानापानावरचं जुनं नाव आपोआप बदलायचं. ते करणारा मॅक्रो, म्हणजे फाइलच्या पोटात लिहून ठेवलेल्या सूचना, तिच्या नवऱ्यानं रविवार घालवून बसवला होता. काम उरकलं की एक चौकट यायची: “झालं. आता उठा, चहा घ्या.” घरीही तो अगदी असाच बोलायचा.

मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मॅक्रोच्या फायली व्हायरसच्या भीतीनं त्यांच्याकडे उघडेनात. नवरा गेल्यापासून तीही ऑफिसात बसत होती; दीर तिच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आला.

“वहिनी, सगळ्या फायली साध्या करून टाका. जुन्या पुसा. पसारा नको.”

बाहेर पाठवायची प्रत तेवढी साधी केली असती तरी भागलं असतं. तिला ते ठाऊक होतं. जीभ वळवळली, पण तिनं दातांखाली धरली. तरी पहिल्याच फाइलला कॉम्प्युटरनं विचारलं, की अशी सेव्ह केली तर मॅक्रो जाईल, चालेल का? तेव्हा तिनं हाक मारली.

“भावजी, हे काय विचारतंय बघता का?”

“वाचत काय बसता? सगळ्याला हो म्हणा!”

तिनं म्हटलं. फाइलमागून फाइल, हो, हो, हो. साध्या करण्याआधी प्रत्येक फाइल ती एकदा सेव्ह करायची, चौकट डोळे भरून पाहायची आणि मग साधी प्रत करून जुनी पुसायची. एकच जुनी फाइल तिनं पेनड्राइव्हवर घेतली.

दीर खूश झाला. “बरं झालं, ती चहाची कटकट गेली,” असं म्हणून हसलाही. त्या हसण्यानं तिच्या मनात उरलीसुरली दया होती तीही आटली.

पुढच्याच आठवड्यात एका बड्या रुग्णालयाला अहवाल गेला. पहिल्या पानावर रुग्णालय, आत सगळीकडे नाट्यगृह. भर बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “आम्ही तिकिटं कधीपासून विकायला लागलो?” सगळी बैठक खो खो हसली आणि काम दुसऱ्याकडे गेलं.

दीर पडल्या चेहऱ्यानं परतला. सगळा स्टाफ बघत होता.

“वहिनी, ते नाव बदलायचं परत बसवा ना. मला सांगायचं तरी!”

“विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, वाचत काय बसता.”

“चुकलं. दादाचं काम होतं ते. त्याच्यावरच सगळं चाललं होतं.”

हेच ऐकायला ती इतके महिने थांबली होती. आता मन विरघळेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! तिळभरही विरघळलं नाही.

“अहो भावजी, तुमचे दादा तर खेळत बसायचे. त्या खेळण्यावाचून एवढं काय अडलं?” तिनं पर्स खांद्याला लावली. “आणि जुन्या पुसा म्हणालात, त्या पुसल्या.”

पेनड्राइव्ह त्याच पर्समध्ये होता.

उद्या तो पुन्हा येईल, हात जोडेल. येऊ दे! घरी आल्या आल्या तिनं फाइल उघडली, पहिल्या पानावर नवऱ्याचं नाव टाइप केलं आणि सेव्ह केली. पानापानावर तो आला. मग चौकट आली: “झालं. आता उठा, चहा घ्या.”

तिनं ओके दाबलं नाही. चौकट तशीच राहू दिली आणि चहा टाकायला उठली.