मंडईचा डोह

तुलसाबाईने उजाडताच नाल्यावर इंजिन लावलं, आणि तेही कुणाला न विचारता. सालेकशाच्या जंगलातून येणारा हा नाला पावसाळ्यात भारी तोरा मिरवतो, पण यंदा दिवाळीआधीच त्याचा तोरा उतरला होता. पाणी उरलं होतं ते फक्त वरच्या टोल्याच्या, म्हणजे वरच्या वस्तीच्या, डोहात. खाली तुलसाबाईचं धान पोटरीत आलेलं. आता एक पाणी मिळालं नाही, तर दाणा भरणार नव्हता आणि घरात नुसती तणस येणार होती.

डोह गोंडांच्या टोल्याचा. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, तेव्हाच त्यातले मासे धरायचे. तोवर कुणी गळसुद्धा टाकायचा नाही, असा त्यांचा रिवाज. तुलसाबाईला तो चांगला ठाऊक होता. म्हणून तर तिने विचारलं नव्हतं.

इंजिनाच्या आवाजाने टोला धावत आला. पुढे म्हातारा सुकराम, मागे त्याची सून शामकला. तुलसाबाईचा नवरा कन्हैयालाल बाह्या सरसावून उभा राहिला. एरवी अंगणातली कोंबडी हाकलायलाही त्याला बायको लागते.

सुकराम भांडला नाही. तिच्या बांधीत, धानाच्या वावरात, उतरून त्याने धानाचं एक ताट चिमटीत दाबून पाहिलं.

"पुसलं काऊन नाही, बाई?"

तुलसाबाईची मान खाली गेली. भेव वाटलं, एवढंच ती म्हणाली.

"मासोरी पुढच्या साली बी येईल. हा धान मेला त येत नाही. चालू राहू दे इंजिन."

मग टोलाच टोपल्या घेऊन आटत चाललेल्या डोहात उतरला. पिल्लं तळाच्या खळग्यात राहू दिली, मोठे मासे काढले. मंडईला अवकाश होता, तोवर ते थोडेच टिकणार? त्याच दिवशी घरोघरी शिजले. शामकलाने तुलसाबाईलाही वाटा दिला. तो घेताना तिला रडू आवरलं नाही.

मंडईच्या दिवशी धान भरून वाकलं होतं. तुलसाबाई लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची टोपली घेऊन टोल्यात गेली. सुकरामच्या अंगणात जेवणं चालली होती, आणि एक जावई मासे कुठे म्हणून कुरकुरत होता. सुकरामने बांधीकडे बोट केलं.

"औंदा मासोऱ्या तिकडं हायेत."

वाटेत तुलसाबाईने खूप काही बोलायचं ठरवलं होतं. पण ती सरळ वडे वाढायला वाकली, तर शामकलाने टोपली तिच्या हातातून काढून घेतली आणि तिलाच पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं.