केसरबाईनं घरी नेलेला उपदेश

मी एक जुनं पुलपीट आहे, मित्रांनो. चर्चमध्ये उपदेशक ज्या उंच लाकडी मेजामागे उभा राहतो, ते मी. १९८७ साली सिल्वासाच्या एका सुतारानं मला खोक्यांच्या फळ्यांपासून बनवलं. जवळच्या मसाट गावातल्या कारखान्यांत राबणारी खानदेशी माणसं भाड्याच्या खोलीत प्रार्थनेला जमत. तिथं मला मान होता. पण मी फार भित्रं आहे. माझ्यावर हात ठेवणाऱ्याची भीती आधी मला कळते.

सुकदेवभाऊ आमचे नवे उपदेशक. सहा दिवस कारखान्यात, रविवारी माझ्यामागे. उभे राहिले की त्यांचे गुडघे माझ्या फळीला लटलट लागत. ती भीती झाकायला ते ओरडत, माझ्यावर मुठी आपटत. लोक म्हणत, "काय जोर आहे भाऊंच्या बोलण्यात!"

आमच्या मंडळीत एक पद्धत होती. जो येऊ शकत नसे, त्याला घरचं माणूस उपदेश नेऊन सांगे. केसरबाईच्या नवऱ्याची, चिंधाची, दोन बोटं भाऊंच्याच कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली होती. तो खोलीत पडून होता. केसरबाई शब्दन्‌शब्द ध्यानात ठेवून त्याच्याकडे नेई.

१९९१च्या एका रविवारी सुकदेवभाऊ गरजले, "दुःख येतं ते पापामुळंच! देव कोणाला सोडत नाही!" केसरबाईनं पदर तोंडाशी धरला. मी घाबरलं. हे शब्द आता त्या खोलीत जाणार होते, आणि मला ते अडवता येत नव्हते.

पुढच्या रविवारी ती उपदेशाआधीच उभी राहिली.

"भाऊ, तुमचं बोलणं घरी नेलं मी. तेव्हापासून ते पट्टी बदलू देत नाहीत. देवानं दिलं ते भोगतो, म्हणतात. जखमेला वास यायला लागला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर माणूस जाईल. मले सांगा, आज घरी काय नेऊ?"

माझ्यावरचे हात गार पडले. सुकदेवभाऊ एवढंच म्हणाले, "आज उपदेश चिंधाच्या खोलीत."

चौघांनी मला उचललं. मंडळीतली वासंतीमावशी म्हणाली, "उपदेशक पायी अन् पुलपीट पालखीत!" घाबरलेली माणसं क्षणभर हसली.

चिंधाच्या खोलीच्या अरुंद दारातून मी आत जाईना. भाऊ मला बाहेरच सोडून त्याच्याजवळ फरशीवर बसले.

"चिंधा, मी चुकीचं बोललो रे."

"चुकीचं कसं? शास्त्रातलंच ना?"

"पुरतं वाचलं नव्हतं मी. जन्माचा आंधळा दाखवून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं? तो म्हणाला, कोणाचंच नाही."

मी दाराबाहेर उभं राहून ऐकत होतं.

"मग माझी बोटं कोणी घेतली?"

"मशीननं. तिला हात अडवणारी जाळी नव्हती. मला माहीत होतं. सुपरवायझरला सांगायला मी भ्यालो."

"एवढा गळा आहे तुला, सुकदेव. तिथं का नाही ओरडलास?"

भाऊंच्या हुंदक्याचा आवाज तेवढा आला. मग चिंधा म्हणाला, "केसर, पाणी तापव. पट्टी सोड."

हात वाचला. दुसऱ्याच दिवशी सुकदेवभाऊ मशीनला जाळी मागायला सुपरवायझरसमोर उभे राहिले. गुडघे तिथंही लटपटलेच असतील.

आता मंडळीनं मोठं चर्च बांधलंय, तिथं माइक आहे. मी पडवीत धूळ खात असतं. तरी उपदेशाचा आवाज चढला की मला धडकी भरते. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या उपदेशाला उभं राहील. जे सांगायचं, ते आधी एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलून पाहा. तिथं तोंडातून निघत नसेल, तर चर्चमध्येही बोलू नका.