पिवळ्या पट्टीचं पिल्लू

बेकरीवालीनं पिठाचे हात एप्रनला पुसले आणि काउंटरवर ठेवलेल्या दोन कापडी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या.

“छान शिवल्यात. पण कोणासाठी?”

“तुमच्याकडच्या पिल्लांसाठी,” शिवणकाम करणारी ती बाई म्हणाली. “मोठी झाली असतील ना आता. जुन्या पट्ट्या गळ्याला आवळत असतील.”

“कसली पिल्लं?”

“आमच्या ठकी मांजरीची. आमचे हे टोपलीतून घेऊन आले होते. पिवळ्या पट्टीचं गोणीवर झोपतं म्हणे.”

“ताई, इथे पिठाचं काम. मांजराला मी उंबऱ्यापाशी फिरकू देत नाही. तुमचा काहीतरी घोळ होतोय.”

ती ओशाळून हसली, पट्ट्या पर्समध्ये टाकून निघाली. पुलावर येईतो मात्र तिची चाल मंदावली होती. ठकी दरवर्षी व्यायची, कधी दोनदा, कधी तीनदा. दर वेळी ही हौसेनं उरल्यासुरल्या कापडाच्या पट्ट्या शिवून पिल्लांच्या गळ्यात बांधायची आणि नवरा टोपली घेऊन त्यांना घरं शोधायला जायचा. येताना टोपली धुऊन आणायचा. ओली टोपली खिळ्याला टांगणाऱ्या नवऱ्याचं तिला कोण कौतुक! असा टापटिपीचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं ती शेजारणींना ऐकवायची. पुलाखालून कालव्याचं गढूळ पाणी वाहत होतं. कठडा घट्ट धरून ती तिथंच उभी राहिली.

घरी नवरा एका फोटोची फ्रेम ठोकत बसला होता. शिलाई मशीनखालच्या खोक्यात ठकी चार नव्या पिल्लांना पाजत पडली होती.

“बेकरीत जाऊन आले,” ती म्हणाली.

हातोडी थांबली. ओठांत धरलेले बारीक खिळे त्यानं एकेक करून तळहातावर काढले.

“पिल्लं कुठायत हो?”

तो उठला. फळीवरचा पत्र्याचा डबा काढून त्यानं तिच्यासमोर ठेवला. खिळे असतील म्हणून ती त्या डब्याला कधी हात लावत नसे. झाकण उघडलं तर आत पट्ट्याच पट्ट्या. सगळ्या तिच्या हातच्या. पिवळी वरच होती.

“कालव्यात,” तो म्हणाला. “पहिल्यांदा खरंच दारोदार फिरलो गं. कोणी घेईना. मग... गळ्यात पट्टी असली की हात धजायचा नाही. म्हणून आधी सोडून घ्यायचो.”

“आणि मला रोज त्यांची खुशाली सांगत होतात?”

“तू विचारायचीस.”

डबा उचलून याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. पण ठकीचं ऑपरेशन करून टाकू, असं हाच माणूस दर वेळी म्हणायचा. शेवटी शेवटी तर अगदी काकुळतीला येऊन म्हणायचा. आणि ती फणकारायची, मुक्या जिवाची कूस कापायची? बिचारीला आईपण भोगू दे, तुमचं काय जातंय? तेव्हा आपण केवढ्या मायाळू, असं तिला वाटायचं. तो खिळ्यावरची टोपली काढायचा.

“यांना हात लावायचा नाही,” खोक्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. “घरं मी शोधीन. नाही मिळाली तर इथंच राहतील.”

“नाही लावत.”

त्याचा चेहरा तिला बघवेना. तिनं फोन उचलून जनावरांच्या दवाखान्यात लावला. पलीकडची मुलगी मनमोकळी होती.

“पिल्लांचं दूध तुटलं की लगेच घेऊन या, काकू. त्याआधी बाहेर सोडू नका हं, पाजती असतानाही पुन्हा गाभण राहते. ऑपरेशन साधं असतं. आजवर किती पिल्लं झालीत तिला?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

“थांबा हं,” ती म्हणाली, आणि तिनं डबा टेबलावर पालथा केला.