डोक्यातला पाझर

थोरल्याला हल्ली एक नवी खोड जडली होती. कुणी काही विचारलं की तो आधी वर आभाळाकडे बघायचा, मग खाली बुटांकडे, आणि मग जरासं हसून म्हणायचा, "काही गोष्टी कलाकाराच्याही हातात नसतात." वार्ताहरांनी विचारलं तरी हेच, पालिकेच्या साहेबांनी विचारलं तरी हेच. परवा मोठ्या बाईंनी "जेवायला बसतोस का?" असं विचारलं, तेव्हाही त्याची मान वर जायला लागली, तशी बाईंनी हातातली पळी ताटावर आपटली.

"हातात नसतात म्हणे! मग तुझ्या बापाच्या हाताला घट्टे पडले ते काय टाळ्या वाजवून?"

"आई, अगं, तुला नाही कळायचं ते."

"मला कळतंय म्हणून तर तुला घास जात नाहीये."

हे सगळं रामायण चौकातल्या डोक्यावरून चाललं होतं. डोकं म्हणजे ब्राँझचं, दोन मजले उंच, एका बाईचं, थोरल्याने घडवलेलं. हनुवटी जमिनीत रोवलेली, नजर समोरच्या रस्त्यावर. पाटीवर त्याचं नाव 'प्रतीक्षा' होतं, पण ते मातीचा नमुना होतं तेव्हापासून घरामागच्या कारखान्यात सगळे त्याला डोकंच म्हणत. नवरा गेल्यापासून कारखाना मोठ्या बाईच चालवत. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती. सही करताना जिभेचं टोक अजूनही ओठांवर यायचं. एरवी मात्र ती जीभ अशी चालायची की वेल्डर लोक मुखवटा चढवूनच त्यांच्यासमोर येत. ठिणग्यांपेक्षा बाईंची भीती जास्त!

तर ते डोकं रडायला लागलं.

दुपारचं ऊन तोंडावर आलं की डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघे, गालांवरून ओघळे आणि हनुवटीशी ठिबके. पहिल्या दिवशी ते शेंगा विकणाऱ्याने पाहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या गिऱ्हाइकांनी. आठवडाभरात चौकातली वाहतूक दुसरीकडून वळवावी लागली. लोक बाटल्या, डबे, औषधाच्या रिकाम्या कुप्या घेऊन उन्हात रांगा लावू लागले. पाणी चोळलं आणि गुडघा सुटला, म्हणे. पाणी पाजलं आणि जावई माणसात आला, म्हणे. जावयाला कुणी विचारलं नाही.

गर्दी तिथे भोंदू, हे ठरलेलंच. अश्रूबाबा उगवला. पूर्वी तो घरोघर पाणी गाळायची यंत्रं विकायचा. पाण्याबद्दल तासभर बोलायचं आणि ऐकणाऱ्याला तहान लावायची, हे तो तिथेच शिकला.

"अश्रू म्हणजे काय?" तो माइकवरून विचारी. "'अ' म्हणजे अनंत! 'श्रू' म्हणजे... श्रू म्हणजे जे शब्दांत सांगता येत नाही ते! दगडाला पाझर फुटतो असं आपण नुसतं म्हणतो, भाविकहो. इथे धातूला फुटला! विज्ञान जिथे थांबतं, तिथे आई रडायला लागते!"

पाझर हा शब्द ऐकला की मोठ्या बाईंच्या कपाळाची शीर उठे.

कारण कारखान्यात पाझर म्हणजे भोक. पोकळ पुतळ्यात कुठून ना कुठून पाणी शिरतंच. ते आत साचू नये म्हणून तळाशी एक छोटंसं भोक पाडायचं, त्याला पाझर म्हणायचं. नवऱ्याचा नियमच होता: आधी पाझर, मग पॉलिश. डोक्याच्या आत, डोळ्यांच्या जरा खाली, एक आडवा जाड लोखंडी पत्रा होता. त्यावर उभं राहून वेल्डरांनी वरची कवटी आतून जोडली होती. काम झाल्यावर तो पत्रा काढला नाही. बळकटी येते म्हणून चारी बाजूंनी झाळून तिथेच ठेवला; खालून वर डोकावायला मधे उंच काठाचं एक तोंड तेवढं राहिलं. त्या पत्र्याला पाझर हवा होता.

"ठेवला होतास ना?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

थोरला नखं बघत राहिला. "उद्घाटनाची तारीख पुढ्यात होती. राहून गेला."

"म्हणजे केसांच्या भांगातल्या सांध्यातून पाऊस आत जातोय, पत्र्यावर साचतोय. ऊन लागलं की ब्राँझ फुगतं, डोळ्याच्या कोपऱ्यातला सांधा सुटतो, आणि तुझं पाणी बाहेर. हेच ना?"

"हो."

"मग जा आणि भोक पाड!"

"आता? आई, एवढी माणसं उभी आहेत तिथे. मोठ्या गॅलरीवाल्यांनी बोलावलंय मला, अख्खं दालन देतायत. 'रडणाऱ्या शिल्पाचा शिल्पकार' म्हणून. आणि मी जाऊन सांगू, की काम कच्चं होतं?"

"खोटेपणाची कीर्ती हवीय तुला?"

"मी कुठे म्हणतोय चमत्कार आहे? मी काहीच म्हणत नाहीये. मी गप्प आहे."

पावसाचे दिवस सरत आले होते. आतलं पाणी आटेल, डोळे सुकतील, लोक कंटाळतील आणि बाबा पुन्हा यंत्रं विकायला जाईल, असं बाईंनी धरलं. चार दिवसांचा तमाशा, होऊ दे.

पाऊस गेला. जमीन भेगाळली. चौकातल्या बागेतली झाडं माना टाकून उभी राहिली. डोकं मात्र रडतच होतं.

त्याच सुमारास धाकटीने चहा कपाबाहेर ओतला.

धाकटी म्हणजे बाईंची लेक. कारखान्यातलं मेणाचं बारीक काम तिचं. ब्राँझ ओतण्याआधी मेणात पापण्या, नखं, ओठांची कड काढायला तिच्याइतका हलका हात दुसरा नव्हता. त्या डोक्याच्या पापण्याही तिनेच काढलेल्या. तिला काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच समजावून सांगितलं होतं: डोळ्यात पाणी तयार होत असतं, त्याच्या निचऱ्याची वाट बुजली की दाब वाढतो आणि आतली नस मरायला लागते. थेंब रोज घालायचे. थेंब आहेत तोवर नजर आहे.

"अगं, कप इकडे आहे," बाई म्हणाल्या.

"दिसला नाही."

"थेंब घालतेस ना?"

धाकटी हसली. लहानपणी लपवलेली वस्तू दाखवताना हसायची, तसं. फडताळातून तिने एक कुपी काढली. "हे घालते. आईचे अश्रू. डोळ्याला डोळ्याचंच पाणी लागू पडतं, बाबा म्हणाले. दवाखान्याचे थेंब चालू ठेवले तर गुण येत नाही, म्हणून ते बंद केले."

बाईंनी कुपी उजेडात धरली. तळाशी तांबूस गाळ होता. गंजाचा.

"थोरल्याला माहीत आहे, तू हे घालतेस?"

"तोच तर आणून देतो. मला रांगेत उभं राहवत नाही ना. दादाला कुणी अडवत नाही."

बाईंनी कुपी पदरात बांधली आणि पायांत चपला घातल्या. एकही शिवी आली नाही हे बघून धाकटी घाबरली, आणि मुकाट्याने दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग धाकटीला बाहेर बसवून म्हणाल्या, "उजवा डोळा जवळजवळ गेलाय, आजी. डाव्यात मधलं तेवढं दिसतंय, कडेचं गेलं. आहे ते राखायची खटपट करू. गेलेलं परत येत नाही."

"ऑपरेशन करून?"

"नाही. मेलेली नस जिवंत करायचा उपाय अजून कुणाकडे नाही. माझ्याकडेही नाही."

असा स्वच्छ नकार बाबाने कधी कुणाला दिला नव्हता. बाईंना त्या नकाराचा आधार वाटला. "उद्या दुपारी चौकात याल?" त्यांनी विचारलं. "मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मी नुसती शिव्या देईन."

कुलपाला दोन किल्ल्या असतात, हे बाबाच्या ध्यानात नव्हतं. डोक्याच्या मानेत, मागच्या बाजूला, आत उतरायचं एक बुटकं दार होतं. त्याची एक किल्ली थोरल्याने बाबाला दिली होती. दुसरी बाईंच्या फडताळात होती. सकाळी चौक जागा व्हायच्या आत बाई दारातून वाकून शिरल्या आणि शिडी चढून पत्र्यापर्यंत गेल्या. पत्रा काठोकाठ भरलेला. बागेच्या नळाची रबरी नळी कुंड्यांमागून, दाराच्या फटीतून थेट पत्र्यावर आणून सोडलेली. बाईंनी पदरातून नीळ काढली, पांढऱ्या कपड्यांना घालतात ती, आणि अख्खी पाण्यात ओतली.

दुपारी ऊन आलं. डोकं रडलं. निळं.

बाबाचा जबडा खाली आला. पण मुरलेला विक्रेता तो! "निळे!" तो ओरडला. "आईचे अश्रू निळे झाले! जगाचं विष प्यायली माझी आई!"

लोक जमिनीवर आडवे झाले. "आजचा गुण दुप्पट!" म्हणत कुणी रांग मोडली. निळं पाणी बघून लोकांची ट्यूब पेटेल असं बाईंना वाटलं होतं. पेटल्या त्या उदबत्त्या.

मग बाईंनी सरळ बाबाच्या हातातला माइक घेतला.

"ते विष नाही. नीळ आहे. सकाळी मी टाकली. हा बघा रिकामा पुडा."

बाबा गोड हसला. "माई, तुमच्या हातून आईनेच ते करवून घेतलं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग आता करतेय तेही तीच करवून घेतेय, असं समज."

थोरला बाबाच्या मंडपाच्या खांबाशी उभा होता, गॅलरीच्या दोन पाहुण्यांना घेऊन. बाईंनी बॅटरीवरचं ड्रिल त्याच्यापुढे धरलं. "हे तुझं काम. करतोस?"

त्याने हात पुढे केला नाही.

बाई स्वतः शिरल्या. लोक मागच्या बाजूला धावले, दार उघडंच होतं, आतलं सगळं दिसत होतं. शिडी, वरचा पत्रा, नळी आणि हात वर करून ड्रिल धरलेली म्हातारी. पोकळ ब्राँझमध्ये तो आवाज असा घुमला की कबुतरं उडाली. मग गंजून पोखरलेला पत्रा फुटला आणि पाणी बाईंच्या डोक्यावर कोसळलं. निळं, गंजाने तांबूस झालेलं, शेवाळाच्या चिंध्यांसकट. दारातून ते लोकांच्या पायांत पसरलं. त्यात एक मेलेली पालही होती.

पुढून कुणी ओरडलं, "थांबलं! डोळे थांबले!"

बाई निथळत बाहेर आल्या आणि नळी दाराबाहेर ओढून टाकली. "हा रडण्याचा धागा. धरा आणि चालत जा, बागेच्या नळापाशी पोचाल." काही लोक खरोखरच गेले. बाबा मात्र दुसऱ्या दिशेने गेला, आणि बराच भराभर.

डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला. आवाज चढवला नाही. "आत पत्रा आहे. त्यावर आधी पाऊस साचला, नंतर नळाचं पाणी सोडलं गेलं. उन्हाने सांधा उघडतो आणि पाणी गळतं. एवढंच आहे. ज्यांनी हे डोळ्यात घातलंय, जखमेवर लावलंय, लेकरांना पाजलंय, त्यांनी आजच दवाखान्यात यावं. कुणी तुम्हाला हसणार नाही. आणि पुन्हा कुठे काही अद्भुत दिसलं, तर हात जोडण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. बघू देत नसतील, तर तिथून निघा. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुकानदार."

निम्मे लोक मान खाली घालून पांगले. काही नळाशी जाऊन पुन्हा आले आणि नळीकडे बघत राहिले. एक बाई मात्र खाली बसून, दारातून येणारं ते घाण पाणी ओंजळीने बाटलीत भरत होती. मोठ्या बाईंनी तिची बाटली काढून घेतली, तर ती रडायला लागली. खरं रडणं. ते बघून बाईंना आपण जिंकलो असं काही वाटेना.

धाकटी डॉक्टरीणबाईंचा दंड धरून उभी होती. थोरला खाकरला, त्या दिशेला तिने तोंड वळवलं.

"दादा, तुला माहीत होतं?"

थोरला म्हणाला, "मी तुला घाल असं कधी म्हणालो नव्हतो."

"आणून दिलंस."

"तू मागायचीस. तुला बरं वाटायचं."

गॅलरीचे पाहुणे केव्हाच गाडीत जाऊन बसले होते.

मोठ्या बाई ओल्या साडीने लेकासमोर येऊन उभ्या राहिल्या. आसपास माणसं होती. असू देत म्हणाल्या मनात.

"तो बाबा चोर. चोरी हा त्याचा धंदा, त्याला पोलीस बघतील. लोक भोळे, त्यांना निदान ठाऊक नव्हतं. हिच्या डोळ्यांत काय जातंय ते ठाऊक एकट्या तुला होतं. भोक राहिलं, ती चूक. चुका तुझा बापही करायचा. पण बहिणीच्या हातात कुपी ठेवताना तुझी जीभ हलली नाही, ती चूक नाही, ते पाप आहे, आणि देव मानणारा असो की नसो, कुठल्याही माणसाला ते पापच वाटेल. तुला घराबाहेर काढणार नाही मी. तेवढ्यावर सुटू देणार नाही. उद्यापासून हिला दवाखान्यात तू न्यायचंस. रस्ता ओलांडताना हिचा हात तू धरायचास. आणि ही विचारेल, 'दादा, समोर काय आहे?' तेव्हा जे असेल ते सांगायचंस. तेवढंच. रोज."