कपाटाच्या मापाची काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे. लांबी साडेपाच फूट. मित्रांनो, स्वतःची लांबी सांगत कोण सुरुवात करतं, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या आयुष्यात जे वाईट घडलं, ते या लांबीपायीच.

काठावर उभं राहून, झुकलेल्या फांद्यांखाली गळ टाकता यावा म्हणून कारखान्यात मला आखूड बनवलं होतं. २००५ साली मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या एका दुकानात टांगलेली होते. तिथे गुरुदत्त नावाचे इंजिनिअर आले. मित्राचा कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, घेऊन त्यांना बास मासे पकडायचे होते. दुकानदाराने सात फुटांची काठी काढून दिली. कयाकमध्ये माणूस बसून असतो. मासा होडीखालून पलीकडे पळाला, की काठीचं टोक होडीच्या नाकावरून फिरवून न्यावं लागतं. आखूड काठी तिथवर पोचत नाही आणि फारच लांब असली तर मासा हाताशी येत नाही, असं त्याने परोपरीने सांगितलं.

गुरुदत्तांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून टेप काढली. घरच्या कोटांच्या कपाटात साडेपाच फुटांहून लांब काही मावत नव्हतं. दोन तुकड्यांची काठी होती, पण जोड म्हटला की तो कधीतरी निखळणारच, असं या इंजिनिअरचं मत. झालं, मी त्यांच्या घरी आले.

कपाट कशाला, तर आईपासून लपवायला. शोभाआजी दरवर्षी पुण्याहून सहा महिने येत. त्यांना घरात अंडंसुद्धा चालत नसे. गुरुदत्त मासा खात नसत, पकडून सोडून देत. पण नुसत्या गमतीसाठी मुक्या जिवाच्या तोंडात गळ अडकवणं आजींना खाण्याहून वाईट वाटलं असतं. बायकोलाही त्यांनी सांगितलं नाही, कारण सुचित्राच्या तोंडात तीळ भिजत नसे. दर शनिवारी ते नऊ वर्षांच्या मुलीला, अनयाला, घेऊन निघत आणि घरी लायब्ररीत जातो म्हणून सांगत.

मी काम चोख केलं. मासा वर आला की पुढ्यात बसलेली अनया टाळ्या वाजवायची आणि मी फुशारून जायचे. दुकानदाराचं बोलणं मीही विसरले, याची मला आज लाज वाटते.

सप्टेंबरातल्या एका सकाळी मोठा बास लागला आणि सरळ होडीखाली घुसला. दोरी होडीच्या तळाला घासू लागली. गुरुदत्तांनी मला पुढे ताणलं. मी होडीच्या नाकाला दीड फूट कमी पडले. ते आणखी वाकले आणि होडी उलटली. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, पण अनयाच्या जॅकेटने तिला वर उचललं ते पालथ्या होडीच्या आत. गुरुदत्त तिला हाका मारत होते आणि ती कुठेच दिसत नव्हती. शेवटी होडीच्या आतून ठोकल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी तिला ओढून काढलं. दोरीत गुंतलेली मीही होडीबरोबर काठाला लागले.

घरी आजींनी विचारलं, ही एवढी भिजली कशी? गुरुदत्त बूट काढायला वाकले. तेवढ्यात अनया शांतपणे म्हणाली, "लायब्ररीबाहेर स्प्रिंकलर चालू होते, आजी. आय गॉट सोक्ड." तिचे दात अजून वाजत होते.

आपलीच थाप मुलीच्या तोंडून ऐकून गुरुदत्तांचा चेहरा उतरला. ते खाली गाडीपाशी गेले, मला घेऊन आले आणि आईसमोर टेबलावर ठेवून त्यांनी सगळं सांगून टाकलं. आजी बराच वेळ नातीची पाठ चोळत राहिल्या.

"मी रागावले असते," त्या म्हणाल्या. "चार दिवस बोलले नसते तुझ्याशी. पण आज तुम्ही दोघं परत आला नसतात, तर मी लायब्ररीत शोधत बसले असते रे."

आता सात फुटांची काठी बैठकीत सगळ्यांसमोर उभी असते. मी कपाटात धूळ खात पडून आहे आणि अनया होडीत बसत नाही. मित्रांनो, मला काठावर न्या, तिथे मी अजून कामाची आहे. कयाकसाठी मात्र मला कधी उचलू नका. आणि पाण्यावर जाल तेव्हा, तुमच्यावर रागावणारं का असेना, घरातल्या एका माणसाला खरं सांगून जा.