वळणावरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. अंगावरचा हिरवा रंग बघून तुम्हाला मी नवा वाटेन, पण तो रंग वरवरचा आहे. आत लाकूड जुनंच आहे आणि त्याला आता फारसं काही वाटत नाही.

माझा जन्म नगरपालिकेच्या सुतारखान्यात झाला. मला मागून घेतलं ते मात्र दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी. त्यांचा दवाखाना चढावर. माणसं धापा टाकत वर पोहोचायची, बाई त्यांचं ब्लडप्रेशर मोजायच्या आणि ते भलतंच चढलेलं निघायचं. त्यात आजार किती आणि चढ किती, तेच कळेना. शेवटी बाई नगरपालिकेत जाऊन म्हणाल्या, "मला नवं यंत्र नको. अर्ध्या वाटेवर, वळणापाशी, एक बाक तेवढा द्या." साहेब हसले, पण बाक दिला. तो मी.

वळणावर माझे दिवस बरे गेले. पोटुशी बाई, गुडघे धरून चालणारे आजोबा, तापलेल्या पोराला खांद्यावर घेतलेला बाप, सगळे माझ्यावर टेकायचे. बसताना लोक म्हणायचे, "भलं होवो नगरपालिकेचं!" नगरपालिकेचं भलं चिंतणारी माणसं तुम्हाला दुसरीकडे कुठे भेटली असतील, तर मला कळवा.

उन्हं उतरली की रोज दोघी यायच्या, वहिनी आणि तिची नणंद. वहिनीने जन्मभर शिवणयंत्र चालवलं होतं. नणंद बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायची. दोघींचीही माणसं गेली आणि एका घरात या दोघी उरल्या. वहिनीच्या हृदयाने एकदा दगा दिला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोज इथवर चालत यायचं. खाट धरलीत तर हे हृदय तुम्हाला साथ देणार नाही." म्हणून नणंद तिला रोज घराबाहेर काढायची आणि अख्खा चढ दोघी भांडत चढायच्या.

"नळ तुम्हीच उघडा ठेवलात, वहिनी."

"मी? अगं, मी तेव्हा झोपले होते."

"मग झोपेत ठेवला असेल."

भांडणाच्या भरात वहिनीला दम लागलेला कळत नसे. तो नणंदेला कळायचा. वळण आलं की ती म्हणायची, "बसा." आणि वहिनी तोंड नणंदेकडेच ठेवून, मागे वळून न बघता बसायची. हाताने चाचपायचं नाही, काही नाही. आपल्याच घरच्या खाटेवर बसावं तशी. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी टाकला नाही. मला त्याचा फार आनंद व्हायचा. तेव्हा मला आनंद होत असे.

मग नगरपालिकेने लोकांच्या आरोग्याचं भलतंच मनावर घेतलं. चढाच्या माथ्यावर, दवाखान्याच्याही पुढे, 'आरोग्य उद्यान' करायचं ठरलं. तिथे व्यायामाची यंत्रं, चालायला लाल वाट, आणि इकडेतिकडे विखुरलेले सगळे बाक गोळा करून एका रांगेत. हेतू चांगलाच होता. वाईट माणूस यात कुणी नव्हताच, म्हणून रागवायचं कुणावर ते मला अजून समजलेलं नाही.

एका दुपारी ट्रक आला. मुकादम मजुरांना म्हणाला, "काम चोख करा रे. इथे काही होतं असं वाटताही कामा नये." त्यांनी मला उपटलं, खड्डे बुजवले, जागा स्वच्छ झाडली. ट्रक थोडा वर जाऊन पाणी पिण्यासाठी थांबला. मी पाय आभाळाकडे करून उताणा पडलो होतो. खालून ओळखीचे आवाज आले.

"पंखा बंद करून निघायचं असतं माणसाने."

"मीच बंद केला, वहिनी. तुमचं लक्ष असतं कुठे?"

"माझं लक्ष नसतं, तर तुझं घर चाललं असतं का गं?"

"बरं बाई, बसा आता."

मग काहीतरी धप्प पडलं. नणंद किंचाळली. तेवढ्यात ट्रक सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

उद्यानात मला रंग दिला, सिमेंटमध्ये पक्कं बसवलं. अध्यक्षांनी फीत कापली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता बसायला जागा नाही, ही तक्रारच उरली नाही." टाळ्या झाल्या. इथे येणारे गाडीवरून येतात, धावतात, घाम पुसतात आणि निघून जातात. क्वचित कुणी माझ्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतो. मला त्याचं सुख नाही, दुःखही नाही.

एकदा नणंद एकटीच दिसली. दवाखान्यातून औषधं घेऊन ती उद्यानात आली होती आणि माळीदादांशी बोलत होती.

"खुब्याचं हाड मोडलं होतं, ते सांधलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, चालता येईल, चाललंच पाहिजे. पण ती उठायलाच तयार नाही."

"दुखत असेल."

"दुखण्याचं नाही हो. म्हणते, बाक तिथेच होता, मीच चुकले. माझं डोकं गेलं, आता बाहेर कशी पडू? मी सांगते की बाक उचलून नेलाय. तर म्हणते, माझी समजूत घालायला थापा मारतेस. एवढा जड बाक कोण कशाला नेईल?"

"मग त्यांना इथेच घेऊन या. डोळ्यांनी बघतील."

पुढच्या आठवड्यात भाड्याची गाडी फाटकाशी थांबली. वहिनी उतरली. फार वाळली होती. नणंदेच्या आधाराने ती आमच्या रांगेपाशी आली. सगळे हिरवे, सगळे सारखे. नणंद एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेली. मग माझ्या शेजारच्या बाकावर हात ठेवून म्हणाली, "हाच तो, वहिनी."

तो बाजारपेठेतून उचलून आणलेला होता.

वहिनीने मागे वळून पाहिलं, फळी हाताने दोनदा चाचपली आणि हळूच बसली. पाठ टेकली.

"हा नाही गं."

"मग यांतलाच कुठला तरी असेल. तुमची शपथ, वहिनी, त्यांनी खरंच उचलून आणलाय."

"असेल हो," वहिनी म्हणाली. लहान मुलाचं मन राखायला म्हणावं तसं. "चल, गाडीवाला खोळंबलाय."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्या गेल्या.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे. उद्या तुमच्यातलंच कुणीतरी नगरपालिकेच्या खुर्चीत बसेल. लोकांच्या भल्यासाठी कुठून काही उचलायचं झालं, तर आधी एक दिवस त्या जागी उभे राहा आणि तिथे कोण बसायला येतं ते पाहा. मला परत नेलं नाहीत तरी चालेल, मी आता सिमेंटमध्ये आहे. पण चढाच्या पायथ्याशी एका घरात एक बाई खाट धरून बसली आहे. तिच्याकडे कुणीतरी जा आणि तिला पटेल असं सांगा, की तिचं काहीही चुकलं नव्हतं.