राखीव माणसाची पाठ

मंगळवारी सकाळी दहा वाजता अवकाशयानातली गादी बाहेर काढण्यात आली. दोन कामगारांनी ती दारातून तिरकी करून उचलली, जतन विभागाच्या बाईंनी खाली पांढरं कापड धरलं, तरी चिमूटभर पिवळी पूड फरशीवर सांडलीच.

संग्रहालयाचं ते दालन त्या आठवड्यात लोकांसाठी बंद होतं. यानासमोरच्या बाकावर मात्र एक म्हातारी बाई बसली होती. तिथले सगळे त्यांना काकू म्हणत. काकू दर मंगळवारी येत, बाकावर बसून यानाच्या उघड्या दाराकडे बघत आणि जेवायच्या वेळेला घरी जात. दारावरचा पहारेकरी त्यांना तिकीट विचारत नसे. "काकू, आज तरी निघतंय का यान?" एवढं विचारी. "तुझी रजा मंजूर झाली की निघेल," काकू म्हणत.

आज दालन बंद असूनही त्यानं त्यांना आत सोडलं होतं. "मी सोडलं म्हणून सांगू नका हं."

"मग काय, उडत आले म्हणू?"

यान एका माणसापुरतं होतं. ज्या कप्तानानं ते वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं, त्याचं नाव अजूनही शाळेतल्या पोरांना पाठ असतं. वर जाताना आणि उतरताना अंगावर एवढा भार येतो की पाठीखाली कुठं पोकळी राहिली तर हाड मोडायचं. म्हणून जाणाऱ्याला ओल्या प्लास्टरमध्ये निजवत, पाठीचा ठसा घेत आणि त्या ठशावरून आसनासाठी फोमची गादी बनवत. एकाची गादी दुसऱ्याला चालत नाही. या यानासाठी अशा दोन गाद्या झाल्या होत्या. एक कप्तानाची. दुसरी, कप्तान ऐनवेळी आजारी पडला तर जायला तयार ठेवलेल्या राखीव माणसाची. हा राखीव माणूस म्हणजे काकूंचा नवरा.

कचेरीत त्याला सगळे राखीव म्हणत. पुढं शेजारची पोरंसुद्धा राखीवकाका म्हणू लागली. उड्डाण जवळ आलं तेव्हा तो घरी येऊन बूट काढता काढता कुरकुरे, "अगं, हा कप्तान माणूस आहे की दगड? गार पाण्यात बसवला, उघड्यावर झोपवला, साधी शिंक नाही."

"मिरपूड देऊ का डब्यातून?" काकू विचारत, आणि दोघं हसत.

कप्तान शिंकला नाही. राखीव माणूस निवृत्त होईपर्यंत कचेरीत टेबलाशी बसला.

यान लोकांना बघायला मांडलं तेव्हा तो काकूंना घेऊन एकदाच इथं आला होता. दोरीवरून वाकून आत डोकावला आणि खोकला येईपर्यंत हसला. "काय झालं?" काकूंनी विचारलं. "काही नाही. चल घरी," तो म्हणाला. पुन्हा त्यानं या इमारतीत पाऊल टाकलं नाही.

तो गेला आणि घर खायला उठू लागलं, तशा काकू एकट्याच बाहेर पडू लागल्या. असंच एकदा इथं आल्या. तोवर यानाच्या दाराला पायऱ्या लावल्या होत्या, आत दिवा बसवला होता. वरच्या पायरीवरून अख्खी गादी दिसली. उजवीकडं, खांद्याच्या जागी, वाटीएवढा खळगा होता. नवरा लहानपणी झाडावरून पडला होता. तेव्हापासून त्याचा उजवा खांदा उतरलेला, मागचं हाड बाहेर आलेलं. शिंप्याला कोटाच्या उजव्या खांद्यात जादा कापूस भरावा लागे. त्या हाडाला काकूंनी जन्मभर तेल चोळलं होतं. काकूंनी कठडा घट्ट धरला. शेजारी एक गृहस्थ कडेवरच्या मुलीला सांगत होते, "बघ, ही कप्तानांची पाठ."

 खरं बोललं की काय होणार, हे काकूंना कळत होतं. तो वर गेला नव्हता, म्हणजे त्याच्या गादीला इथं जागा नव्हती. नाव कप्तानाचं राहिलं तर नवऱ्याची पाठ इथं राहणार होती. त्यांनी पाठ निवडली आणि दर मंगळवारी येऊ लागल्या.

आता ती पाठ टेबलावर पांढऱ्या कापडावर पडली होती. जतन विभागाच्या बाई काकूंच्या लेकीच्या वयाच्या. मान वर न करताच म्हणाल्या, "काकू, आलाच आहात तर हा दिवा धरा. वरून नको, वरून सगळं सपाट दिसतं. कडेनं. अजून खाली."

उजेड आडवा पडला तशी खळग्यात सावली भरली. हाड जसंच्या तसं दिसायला लागलं.

"कप्तानांचा खांदा असा आहे?" बाईंनी विचारलं. "फोटोत तर सरळसोट दिसतात."

"त्यांनाच विचार की."

"विचारणार आहे. शुक्रवारी येतायत. मग ही गार खोलीत, पेटीत जाईल आणि यानात हिची नक्कल बसवू. फोम मेलाय हो. मापं हुबेहूब ठेवू, बघणाऱ्याला फरक कळायचा नाही."

"हात लावू?"

"नको काकू. बोटाला लागून निघून येईल."

काकूंनी दिवा दुसऱ्या हातात घेतला.

शुक्रवारी दुपारी कप्तान आला तेव्हा काकू बाकावर होत्याच. हातात काठी, अंगावर जुनं बिल्ल्यांचं जॅकेट. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला तेव्हा म्हणाला, "अरे, आधी खुर्ची आण, सलाम बसून घेतो." टेबलापाशी येऊन त्यानं गादीकडं बघितलं, मग बाकावरच्या काकूंकडं, आणि त्याची चेष्टा तिथंच थांबली.

"साहेब, तुमचीच ना?" जतनवाल्या बाईंनी विचारलं.

"चष्मा गाडीत राहिला. जरा मागवता का?"

चष्मा त्याच्या खिशातच होता. बाई निरोप द्यायला बाहेर गेल्या तसा तो काकूंशेजारी येऊन बसला.

"ओळखलीत, वहिनी?"

"ते गेल्यावर ओळखली."

"म्हणजे? त्यानं सांगितलं नव्हतं?"

"काय सांगायचं होतं, भाऊजी?"

कप्तानानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "माझी उतरतानाच दुभंगली. यान मांडायचं ठरलं तेव्हा नुसता सांगाडा दिसत होता. त्याची कपाटात पडून होती. मी त्याला विचारलं. म्हणाला, बसव. तुझ्या नावानं का होईना, बसायला तर मिळेल."

"हसले का?"

"पोट धरून. मला वाटलं, घरी जाऊन तुम्हालाही हसवलं असेल."

काकूंनी टेबलावरच्या गादीकडं बघितलं. "रोज पाठीला तेल लावत होते मी," मग त्या म्हणाल्या. "एका शब्दानं बोलले नाहीत."

"लाजला असेल."

"माझ्यापुढं?"

 दाराबाहेर बाईंचा आवाज जवळ येऊ लागला तसा कप्तान घाईघाईनं म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते सांगतो. माझी म्हटलं तर नक्कल का होईना, इथं राहील. त्याची म्हटलं तर राहणार नाही. न उडालेली गादी उडालेल्या यानात ठेवत नाहीत हे लोक."

"माहीत आहे."

"मग?"

"खरं ते सांगा, भाऊजी. बिननावाचं बसून पुष्कळ झालं."

कप्तान उठला आणि त्यानं सांगितलं. बाई आधी हसल्या. "साहेब, चेष्टा करताय?" मग त्यांनी गादीकडं बघितलं, काकूंकडं बघितलं आणि हातातली मापाची टेप गुंडाळून खिशात ठेवली.

पुढचं बाईंच्या हातात नव्हतं. प्रकरण संग्रहालयाच्या समितीकडं गेलं. समितीचं म्हणणं पडलं की कप्तानांबद्दल आदर आहे, पण त्यांचं वय झालंय आणि हल्ली ते एकच गोष्ट दोनदा विचारतात. नुसत्या शब्दावर कप्तानांच्या नावाची इतक्या वर्षांची पाटी बदलता येणार नाही. दुसरा काही पुरावा हवा. आठवड्यानं बाईंचा काकूंना फोन आला.

"काकू, त्यांचा पाठमोरा एखादा फोटो आहे का? खांदे दिसतील असा?"

काकूंनी कपाट उपसलं. शिरस्त्राण काखेत धरलेला नवरा होता, लेकीला खांद्यावर घेतलेला होता, कप्तानाच्या शेजारी अर्धा कापला गेलेला होता. सगळीकडं तोंड पुढं.

"पाठीचा फोटो कोण काढतं गं?" काकू फोनवर म्हणाल्या.

"कपडे?"

"देऊन टाकले." मग त्या म्हणाल्या, "एक कोट आहे."

कोट पलंगाशेजारच्या खुंटीवर होता. तो गेल्यापासून तिथून हलला नव्हता. काकूंनी तो झटकला नाही. तसाच घडी करून पिशवीत घातला आणि दुसऱ्याच दिवशी निघाल्या.

"काकू, आज शनिवार," पहारेकरी म्हणाला.

"ठाऊक आहे."

बाईंनी हातमोजे घातले, उजव्या खांद्यातला कापूस बोटांनी चाचपला, कोट पातळ कागदात गुंडाळून पेटीत ठेवला. पेटी गार खोलीत, गादीच्या शेजारच्या फळीवर गेली.

"परत कधी मिळेल?" काकूंनी विचारलं.

"निर्णय झाला की लगेच."

त्यानंतर समितीची एक बैठक झाली. शिंप्याचा कापूस हा पुरावा धरायचा का, यावर दोन मतं पडली आणि विषय पुढं ढकलला गेला. दालन आता लोकांसाठी खुलं आहे. यानात आसनाचा सांगाडा दिसतो. दारापाशी छोटी पाटी आहे: गादी जतनासाठी काढली आहे. कुणाची, ते पाटीवर लिहिलेलं नाही. काकू मंगळवारी येतात. पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली नाही, आणि कोट अजून संग्रहालयाकडंच आहे.